सहीच्या वरचा मजकूर

"हार केला म्हनायचं, झालं. त्येच परत उलटं कशाला सांगायचं? रिकामटेकड्यांचं काम हाय समदं."

भागुबाई हे कुणाला उद्देशून बोलत नव्हती. मांडीवरच्या झेंडूंना सांगत होती. पण ती ओट्यावर खिडकीला टेकून बसलेली, खिडकी सताड उघडी, आणि आत हातभर अंतरावर छायाबाई खडू घेऊन उभ्या. त्यामुळे फुलांच्या आधी ते त्यांनाच ऐकू गेलं. फळ्यावर त्यांनी नुकतंच लिहिलं होतं, 'मदर मेक्स अ गार्लंड.' त्याच्याखाली, 'अ गार्लंड इज मेड बाय मदर.' वाक्य मुद्दाम हाराचं घेतलं होतं. गाईडात राम आंबा खातो आणि मग रामाकडून आंबा खाल्ला जातो. पण समोर बसलेल्या मंजुषाचं सगळं घरच फुलांवर चाललेलं, म्हटलं तिला हाराचं चटकन कळेल.

मंजुषाला कळलं होतं. तिने वहीत दोन्ही वाक्यं उतरवली आणि सासूला खिडकीतून मराठीत समजावलं, की आत्याबाई, पहिल्यात आई हार करते आणि दुसऱ्यात हार आईकडून केला जातो.

"म्हंजी आई शेवटाला गेली," भागुबाई म्हणाली. "काम तिचं, आन् नाव हाराचं."

सगळा क्लास हसला. क्लास म्हणजे मंजुषा धरून पाच जण. इंदिरानगरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत छायाबाई दहावी नापासांना इंग्रजी शिकवत. बाहेर पाटी नव्हती. पाटी लावायची तर खाली डिग्री लिहावी लागते, आणि छायाबाई बारावीच्या पुढे गेलेल्या नव्हत्या. इंग्रजी त्या रद्दीतले पेपर वाचून, धाकट्या दिराची जुनी गाईडं पाठ करून, स्वयंपाक करता करता स्वतःशी बडबडून शिकल्या होत्या. बोलताना अजून अडखळत, पण व्याकरणात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. लोक या क्लासला 'नापासांचा क्लास' म्हणत आणि छायाबाई म्हणत, पास झालेल्यांना कुठे माझी गरज आहे.

क्लासच्या जोडीला त्या लोकांची इंग्रजी पत्रंही लिहून देत. बँकेला, विमा कंपनीला, कारखान्यांना. त्याचे पैसे घेत नसत. कुणी भाजी आणून देई, कुणी नारळ. खरं सांगायचं तर त्यांना ते काम क्लासपेक्षा आवडे. लोक समोर बसून आपलं रडगाणं मराठीत सांगत आणि छायाबाई ते धुऊन, इस्त्री करून इंग्रजीत मांडत. अशा पत्रांत 'मी', 'तू' असं उघडंवाघडं लिहायचं नसतं, हे त्या गाईडातून शिकल्या होत्या. 'विनंती करण्यात येते', 'विचार व्हावा' असं लिहिलं की पत्राला वजन येतं, साहेब लोक नीट वाचतात. त्यांच्या हातची अशी पाच-पन्नास पत्रं तरी सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या फायलींमध्ये पडली असतील.

त्यातलं एक मंजुषाच्या नावाचं होतं.

पाथर्डीकडच्या मळ्यातून धोंडीराम नावाचा एक म्हातारा मागच्या वर्षी मार्चमध्ये आला होता. थोरला मुलगा सोमनाथ सातपूरच्या कंपनीत कामावर असतानाच गेला, छातीत कळ येऊन. कंपनी घरातल्या एकाला नोकरी देणार होती. पहिला हक्क बायकोचा. पण तिने आपला हक्क सोडून दिराला घ्या असं इंग्रजीत लिहून द्यायचं, की झालं. म्हाताऱ्याच्या डोळ्याला धार लागलेली. छायाबाईंनी विचारलं, सही करणाऱ्या बाई कुठे आहेत. तो म्हणाला, "सुतकात हाय. बाहेर कशी निघंल?" मग त्यांनी लिहून दिलं. एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मिळालं, दुसरा विचारला नाही. पत्र मात्र फार चांगलं झालं होतं. 'द जॉब मे बी गिव्हन टू माय ब्रदर-इन-लॉ.' त्या वाक्यावर त्या खूश झाल्या होत्या. कागदाच्या खाली सहीपुरती जागा सोडली होती आणि जाताना म्हातारा शेवंतीची ओंजळ ठेवून गेला होता.

सव्वा वर्षाने, जूनमध्ये, त्याच घरातली तेवीस वर्षांची सून सासूबरोबर दारात उभी राहिली. कडेवर चार वर्षांची लेक, साई. नाव सांगितलं तेव्हा छायाबाईंना ते ओळखीचं वाटलं, पण कुठलं ते आठवेना. फॉर्म भरताना कारण विचारलं तेव्हा मंजुषा म्हणाली, "इंग्रजी तेवढी राहिलीय बाई. बाकी सगळे विषय माहेरी देवळ्यालाच सुटले होते, लग्नाआधी. दहावी पास झाले की ह्यांच्या जागी कंपनी घेणार आहे मला, असं मामंजी म्हणतात."

छायाबाईंचं पेन तिथेच थांबलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. भागुबाईने टोपलीतून सुई काढली होती आणि ती दोऱ्याला पीळ देत होती. दोऱ्याचं टोक तिने ओठात धरलं, ओलं केलं, आणि छायाबाईंकडे बघत बघत सुईत ओवलं. तिला चष्मा नव्हता तरी पहिल्या फटक्यात गेलं.

त्या रात्री जेवताना छायाबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते एसटी डेपोत कारकून. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी योग्य त्या टेबलाकडे सरकवत आलेले. म्हणाले, तुला कुणी काही विचारलंय का? नाही ना? मग वरण वाढ.

दोन-तीन आठवड्यांत मंजुषाच्या बोलण्यातून उरलेलं चित्र पुरं झालं. सोमनाथच्या दहाव्यानंतर घरात कागदांचा ढीग झाला होता. फंडाचे, विम्याचे, कसले कसले. सासरे बोट ठेवत तिथे तिने सही केली. सगळं इंग्रजी. त्यानंतर दोन महिन्यांनी धाकटा दीर ज्ञानेश कामाला लागला. अंबडला, कुठल्या तरी ठेकेदाराकडे, असं घरचे सांगत. कारखान्याच्या जवळ पडावं म्हणून सातपूरला खोली घेऊन राहायचा.

"अंबडला काम आन् सातपूरला खोली," मंजुषा एकदा हसत म्हणाली होती. "भाऊजींचं गणित पण माझ्या इंग्रजीसारखं आहे."

सुटीला घरी यायचा तो नेहमी साध्या कपड्यांत. कंपनीचा ड्रेस खोलीवरच धुवायचा. आणि पूर्वी वहिनीच्या हातचं पिठलं मागून खाणारा ज्ञानेश आता तिच्या समोर जेवायला बसत नव्हता. मंजुषा हे सांगून छायाबाईंकडे पाहत राहिली. छायाबाईंनी तिची वही ओढून घेतली आणि म्हणाल्या की क्रियापदांची तिसरी रूपं अजून कच्ची आहेत.

विधवा सुनेला एकटीला गावाबाहेर पाठवायचं नाही, म्हणून भागुबाई रोज बरोबर येई. येताना फुलांची टोपली आणी. तासभर ओट्यावर बसून हार ओवी आणि क्लास सुटला की तिथूनच शालिमारच्या बाजारात विकायला जाई. साई तिच्या मांडीशी फुलं निवडत बसे, नाहीतर झोपून जाई. निघताना भागुबाई न चुकता एक वेणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवी. पहिले चार-आठ दिवस छायाबाईंनी ती हौसेने माळली. मंजुषाचे हात सकाळपासून फुलांत असत, बोटांच्या पेरांवर झेंडूचा पिवळा रंग बसलेला असे, पण तिच्या केसांत एक पाकळी नसे. ते लक्षात आल्यावर छायाबाई वेणी देवाला वाहू लागल्या. देव काही बोलत नाही, एवढी त्याच्याकडून सोय असते.

श्रावणात एक दिवस मंजुषा साईला मागे नळावर घेऊन गेली, बाकीची मुलं अजून आली नव्हती, तेव्हा छायाबाई ओट्यावर गेल्या आणि भागुबाईच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "हे किती दिवस चालवायचं?"

भागुबाईने हातातला हार थांबवला नाही. "तुमाला समदं ठावं हाय म्हनून तर हितं आनली तिला. दुसरीकडच्या मास्तराला काय, तो उद्या कागद वाचून दावंल. तुमी नाय दावायच्या."

छायाबाईंना वाटलं, आपल्याच ओट्यावर आपल्याला कुणीतरी जागा दाखवून दिली. त्या म्हणाल्या की अहो, पण ती पास होईल एक दिवस, मग काय सांगाल. त्यावर भागुबाई जे म्हणाली ते त्यांना नंतर बरेच दिवस पुरलं. पोरगी हुशार नाही, इंग्रजीत चारदा गचकलीय, पाचव्यांदाही गचकेल. तोवर साई शाळेत जाईल, पाय अडकेल. कळलं तर आजच्या आज लेकराला घेऊन देवळ्याला निघून जाईल, बाप दुसरं लग्न लावून देईल, आणि सोमनाथचं या जगात राहिलेलं तेवढंच एक, तेही जाईल. ज्ञानेशचं लग्न त्या नोकरीवर ठरलेलं. नोकरी काय बाईमाणसाला झेपली असती का, असंही म्हणाली. पण ते म्हणताना तिचा आवाज खाली गेला.

"आस लावून ठेवलीय म्हना," ती म्हणाली. "पर आस हाय म्हनून दोन घास खाती. पयलं सा म्हैनं खात नव्हती."

मंजुषा नळावरून आली. दोघी फुलांबद्दल बोलू लागल्या.

त्यानंतर छायाबाईंच्या हातून एक गोष्ट घडली, आणि ती त्यांनी कधी नवऱ्यालाही सांगितली नाही. त्यांनी मंजुषाला वाईट शिकवायला सुरुवात केली. म्हणजे चुकीचं नाही. तेवढं पाप त्यांना जमलं नसतं. पण तिचा हात वर असताना दुसऱ्याला विचारायचं, तिच्या वहीतल्या चुकांखाली रेघ न मारता बरोबरची खूण करून पुढे जायचं, कर्मणी प्रयोगाचं प्रकरण 'ते सोपंय, घरी वाच' म्हणून गुंडाळायचं. नापास झाली तर बरं, सगळ्यांचंच झाकलेलं राहील. दहा दिवस असं चाललं. अकराव्या दिवशी मंजुषाने वही पुढे केली. मळ्यात पहाटे फुलं तोडताना एकेका सरीला एकेक क्रियापद असं करून तिने साठ क्रियापदं पाठ केली होती. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. स्टील, स्टोल, स्टोलन. पानांवर चिकाचे डाग. आणि जिथे जिथे छायाबाईंनी चुकीवर बरोबरची खूण केली होती तिथे तिथे तिने पेन्सिलीने बारीक दुरुस्ती केली होती, खूण न खोडता.

"तुमचं लक्ष नसतंय आजकाल बाई," ती हळूच म्हणाली. "घरी काही त्रास आहे का?"

छायाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि माठावरचं झाकण काढून उगाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मंजुषाला एकटीला अर्धा तास जास्त शिकवायला घेतलं. चांगलं शिकवून काय साधणार होतं ते त्यांना कळत नव्हतं. खड्ड्याकडे चाललेल्या माणसाला नीट चालायला शिकवण्यासारखंच ते. पण वाईट शिकवणं त्यांना जमेना, आणि खरं सांगणंही जमेना. या दोन्हींच्या मध्ये जेवढं करता येत होतं तेवढं त्या करत राहिल्या.

एकदा मंजुषाने विचारलं की 'बाय' करून ज्याचं नाव घालायचं ते नाही घातलं तर चालतं का. छायाबाई म्हणाल्या, चालतं. कुणी केलं ते माहीत नसेल तर. ओट्यावरून भागुबाई म्हणाली, "आन् म्हाईत असलं तर?" छायाबाईंनी फळा पुसायला घेतला. कोरडा फडका, खडूचा ढग उठला, मुलं खोकली.

ऑक्टोबरची परीक्षा दरसाल दसऱ्याच्या मागे-पुढे येते आणि मळेवाल्यांच्या पोरी दरसाल त्याच परीक्षेत बुडतात. झेंडूला त्याच आठवड्यात भाव, घरातला प्रत्येक हात मळ्यात. मंजुषाच्या आधीच्या चार खेपांतल्या दोन अशाच गेल्या होत्या. एकदा तर ती पेपरात झोपली होती. या वेळी इंग्रजीच्या पेपराच्या आदल्या दिवशी छायाबाई स्वतः रिक्षा करून मळ्यात गेल्या. धोंडीराम त्यांना पाहून बांधावरच थबकला, टोपी काढली, परत घातली. त्यांनी त्याला एवढंच सांगितलं की उद्या ही फुलांना नको. तो 'हो हो' म्हणाला आणि आत गेला. पुन्हा बाहेर आला नाही. भागुबाईने मात्र सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, तिच्या सऱ्या मी तोडीन. ती असं का म्हणाली हे छायाबाईंना परत येताना रिक्षात सुटेना. पास होऊ नये अशी तिची इच्छा. आणि वाटा मात्र उचलला. मग वाटलं, आपण तरी दुसरं काय करतोय.

निकाल डिसेंबरात लागला. शनिवारी दुपारी, क्लासची वेळ नसताना, फाटक वाजलं. मंजुषा धावत आली होती. तिला कधी कुणी धावताना पाहिलं नव्हतं. इंग्रजीत बेचाळीस. मागून भागुबाई, कडेवर साई, टोपली नाही. फुलं नसलेल्या हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. ती ओट्यावर आपल्या रोजच्या जागी बसली, साईला तिने मांडीत घेतलं, आणि तिच्या फ्रॉकची गाठ सोडून परत बांधू लागली.

मंजुषाने पेढ्याचा पुडा ठेवला, वाकून नमस्कार केला आणि ओढणीसारखा धरलेला पदर बाजूला करून वहीचा एक घडी घातलेला कागद काढला. म्हणाली की सोमवारी मी कंपनीत जाणार. मामंजींना सांगितलं तर ते म्हणाले थांब जरा, संक्रांत होऊ दे. पण आता कशाला थांबायचं? अर्ज मीच लिहिलाय, तुम्ही नुसता बघा.

छायाबाईंनी चष्मा लावला. 'माय हजबंड वॉज एम्प्लॉइड बाय युवर कंपनी फॉर सिक्स इयर्स. आय वॉज टोल्ड दॅट आय विल बी गिव्हन हिज जॉब आफ्टर पासिंग एस. एस. सी.' 'विल'च्या जागी 'वुड' हवं होतं, बाकी काना-मात्रा ठीक. नापासांच्या क्लासात अकरा वर्षांत कुणी असं पत्र लिहिलं नव्हतं. कागदाच्या खाली तिने सही आधीच करून ठेवली होती. मोठी, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं.

"'वुड' लिही," छायाबाई म्हणाल्या.

"तुम्हीच लिहून द्या ना बाई, चांगल्या कागदावर," मंजुषा म्हणाली. "माझं अक्षर पोरकट दिसतं. तुमचं अक्षर पाहिलं की साहेबाला वाटेल हिच्यामागे कुणीतरी आहे."

छायाबाईंनी कप्प्यातून रेघा नसलेला कागद काढला. तारीख घातली. 'टू' लिहिलं, त्याखाली 'द पर्सोनेल मॅनेजर', त्याखाली कंपनीचं नाव, सातपूर. हात आपोआप चालला. तो पत्ता त्याला पाठ होता. मंजुषा टेबलाच्या कडेला दोन्ही तळहात टेकून प्रत्येक अक्षर उमटताना पाहत होती. ती मध्येच म्हणाली की बाई, तुम्हाला पत्ता न बघताच येतो. साईच्या बांगड्या ओट्यावर वाजत होत्या.

सोमवारी ती त्या फाटकापाशी हा कागद घेऊन उभी राहील. आतला कुणी कारकून फाईल काढेल आणि शांतपणे तिचीच सही तिला दाखवेल. तिला आता वाचता येईल. सगळं. एकेक शब्द.

"लिवा ना बाई," ओट्यावरून भागुबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "पोर खोळंबलीय."

छायाबाईंनी खिडकीतून तिच्याकडे पाहिलं. भागुबाईने नातीला छातीशी घट्ट धरलं होतं आणि ती मान हलवत होती. नको म्हणून की हो म्हणून ते कळत नव्हतं. बहुतेक तिलाही कळत नसावं.

छायाबाईंनी पेनाला टोपण लावलं. कागद उलटा करून ठेवला.

"मंजुषा, बस," त्या म्हणाल्या. "हा अर्ज कंपनी घेणार नाही. तुझी नोकरी ज्ञानेशला दिलीय, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच. तू हक्क सोडलास असं पत्र कंपनीत आहे. सही तुझी आहे, ते पत्र मी लिहिलं. आणि तू दारात आलीस त्या दिवसापासून मला हे माहीत होतं."